‘हरण्या’ म्हणजे हरीण नाही : एका क्षेत्रीय प्रकल्पाचं प्रकरण

“मॅडम, हरण्या म्हणजे हरीण नाही.”

दुपारी स्टाफरूमच्या दारात उभा राहून एक विद्यार्थी मला हे सांगत होता. हातात त्याचाच प्रकल्प अहवाल, आणि शेवटच्या पानावर मी चिकटवलेला छापील अभिप्राय. त्यातल्या एका ओळीखाली त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली होती. आवाजात राग नव्हता. वर्गात फळ्यावर माझी आकडेमोड चुकली की मुलं सांगतात, तसंच तो सांगत होता.

हे प्रकरण माझ्या चुकीचं आहे. सविस्तर लिहिते आहे, कारण अशी चूक आज कुठल्याही महाविद्यालयात होऊ शकते आणि होत असली तरी तिच्याबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही.

आमचं महाविद्यालय तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या केळीच्या पट्ट्यात आहे. मी तिथं अर्थशास्त्र शिकवते. वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची, बाकीची शेतमजुरांची, काही डोंगराच्या पायथ्याच्या तडवी आणि पावरा वस्त्यांवरची. घरात कुणी लेवा बोली बोलतं, कुणी अहिराणी, कुणी तडवी किंवा पावरी. पुस्तकातली मराठी ही बहुतेकांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. घरातून महाविद्यालयात येणारं पहिलंच माणूस, अशी मुलं दरवर्षी असतात. त्यांना अर्ज भरण्यापासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळं शिक्षकालाच विचारावं लागतं. आमच्याकडे शिकवणं म्हणजे काय, यातला बराचसा भाग या विचारण्या-सांगण्यातच आहे.

2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झालं आणि त्याबरोबर क्षेत्रीय प्रकल्प आला. विद्यार्थ्यानं आपल्या परिसरात जायचं, माणसांशी बोलायचं, माहिती गोळा करायची आणि अहवाल लिहायचा. मला ही कल्पना मनापासून आवडते. अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं की मुंबई-दिल्ली दिसते. आपल्या गावची विकास सोसायटी, केळीचा रोजचा भाव, कटाईची मजुरी यांचा अभ्यास करायला मुलांना पहिल्यांदाच अधिकृत जागा मिळाली. अडचण एकच : विभागात आम्ही दोघं, त्यातले एक सर तासिका तत्त्वावर. हे प्रकरण घडलं त्या वर्षी माझ्या वाट्याला 58 अहवाल आले, प्रत्येक पंचवीस-तीस पानांचा.

चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी लोकांसमोर आलं. दोन वर्षांत ते आमच्या बहुतेक मुलांच्या फोनमध्ये होतं. स्टाफरूममधली चर्चा मात्र एकाच मुद्द्यावर अडकलेली : मुलं त्याच्याकडून लिहून घेतात, ते पकडायचं कसं? काही सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की एआय ओळखणारी सॉफ्टवेअर वापरू. मी विरोध केला आणि तो अभ्यास करून केला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच असं एक साधन काढलं होतं. तिच्याच चाचणीत ते एआयनं लिहिलेल्या मजकुरापैकी 26 टक्केच ओळखत होतं आणि माणसानं लिहिलेल्या मजकुरापैकी 9 टक्क्यांवर खोटा ठपका ठेवत होतं. जुलै 2023 मध्ये कंपनीनं ते मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या 91 निबंधांपैकी सरासरी 61 टक्के निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. कारण सरळ आहे. ही साधनं बघतात की पुढचा शब्द किती अपेक्षित आहे. ज्याच्याकडे शब्द मोजके, तो साधी, ठरीव वाक्यं लिहितो, आणि तीच यंत्रासारखी दिसतात. आमची मुलं नेमकी तशीच इंग्रजी लिहितात. विद्यापीठ अनुदान आयोगाची वाङ्मयचौर्याबद्दलची 2018 ची नियमावली 10, 40, 60 टक्के असे टप्पे घालते, पण ती दुसऱ्याच्या मजकुराशी असलेल्या साम्याबद्दल आहे. एआय दर वेळी नवी वाक्यं जुळवतं, तिथं ती मोजपट्टी लागत नाही.

हे सगळं मी वर्गात सांगितलं आणि म्हणाले, “मी तुम्हाला कुठल्याही यंत्रातून तपासणार नाही. माझा तुमच्यावर विश्वास आहे.” मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला. तेव्हा मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं.

मग अंतर्गत गुण भरायची तारीख आली. हातात चार दिवस होते. मी मुलांना अहवालाची पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला सांगितली. मूल्यमापनाचे निकष एआयला दिले, एकेक अहवाल चढवला आणि प्रत्येकासाठी मराठीत शंभर-सव्वाशे शब्दांचा अभिप्राय आणि 50 पैकी गुण सुचवायला सांगितलं. अभिप्राय मी वाचले. कुठं शब्द बदलला, कुठं गुण दोन-चारनं वरखाली केले. अहवाल मात्र चाळले, वाचले नाहीत. दोन रात्रींत काम संपलं. अभिप्रायांच्या प्रिंट काढल्या, शेवटच्या पानांवर चिकटवल्या, सह्या केल्या.

मुलं खूश होती. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या कामावर एवढं आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं.” मी हसून मान हलवली. या प्रकरणातलं मला सर्वांत जास्त सलणारं काही असेल तर ते माझं ते मान हलवणं.

आता ती रेघ मारलेली ओळ. या विद्यार्थ्याचा विषय होता आपल्या गावातल्या बारा शेतकऱ्यांचा केळी लागवडीचा खर्च आणि रोगामुळे झालेलं नुकसान. अभिप्रायात लिहिलं होतं : ‘हरणांच्या उपद्रवामुळे झालेल्या हानीची नोंद स्तुत्य आहे, तथापि कुंपण, वनविभागाकडून मिळणारी भरपाई अशा उपायांची चर्चा अपेक्षित होती.’ गुण 31.

केळीच्या पट्ट्यात ज्याचं घर आहे त्याला हरण्या सांगावा लागत नाही. कुकुंबर मोझॅक व्हायरस नावाच्या विषाणूमुळे होणारा हा रोग. मावा ही बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. जून-जुलैमध्ये लावलेल्या मृगबागेत, पावसाची झड लागून ढग धरले की पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागतात, पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडतो. औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटायचं, शेताबाहेर नेऊन नष्ट करायचं, एवढंच हातात असतं. उपटायला उशीर झाला तर शेजारची झाडं जातात.

यंत्राला हे का कळलं नाही, तेही समजून घेण्यासारखं आहे. भाषेची ही यंत्रं अफाट मजकूर वाचून, कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येणं संभवतं, हे शिकतात. इंटरनेटवर इंग्रजीच्या मानानं मराठी थोडी, आणि त्या मराठीत आमच्या बांधावरचे शब्द त्याहून थोडे. ओळखीचा नसलेला शब्द आला की यंत्र थांबून “हे काय?” असं सहसा विचारत नाही, जवळचा, जास्त वापरातला शब्द धरून पुढे जातं, आणि वाक्य इतकं नीटनेटकं रचतं की चूक आहे असं वाटतच नाही. ‘हरण्या’, ‘नुकसान’, ‘शेत’ हे तीन शब्द एकत्र आले की हरीण येणारच. चूक पकडायची जागा मी होते. पंधरा-सोळा वर्षं या पट्ट्यात राहते, हा शब्द शेकडो वेळा ऐकला आहे. अभिप्राय वाचतानाही ही ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती. पण अहवालच वाचला नव्हता, त्यामुळे मला वाटलं, असतील हरणं, सातपुडा जवळच आहे.

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

“तुम्ही वाचला का, मॅडम?” त्यानं विचारलं.

मी म्हणाले, “नाही.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मला वाटलंच. तुम्ही असं लिहीत नाही. तुमचं अक्षर ‘हे कुठून आणलं?’ एवढंच लिहितं.” आणि नंतर जे म्हणाला ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं : “मॅडम, प्रस्तावना मी चॅटजीपीटीकडून घेतली होती. मला तशी भाषा येत नाही. आतलं सगळं माझं आहे. तुम्ही जिथं चांगलं म्हटलंय, तेवढंच माझं नाही.”

मी अभिप्राय पुन्हा पाहिला. खरंच, पहिलंच वाक्य होतं : ‘प्रस्तावना मुद्देसूद व प्रभावी आहे.’

म्हणजे त्याच्या वतीनं यंत्रानं लिहिलं, माझ्या वतीनं यंत्रानं ते वाखाणलं. आणि जे त्या मुलानं स्वतः पावसात उभं राहून मोजलं होतं, ते कुणी वाचलंच नाही.

त्या रात्री मी अहवाल वाचला. प्रस्तावना होती ‘केळी हे भारतातील एक महत्त्वाचे नगदी पीक असून’ अशा थाटाची, कुठल्याही जिल्ह्याला चालेल अशी. चौथ्या पानापासून भाषा बदलली होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, मध्येच घरचे शब्द, पण प्रत्येक वाक्याला जमीन होती. त्यांच्या स्वतःच्या एका एकरात 1800 रोपं लावली होती, त्यातली 212 उपटावी लागली. आठवड्यागणिक तक्ता होता : पहिल्या आठवड्यात 9, मग 31, मग 74. प्रत्येक रोपाचा, ठिबकचा, खताचा, मजुरीचा तोपर्यंत झालेला खर्च त्यानं वेगळा काढला होता. शेजारच्या शेतात काकडी होती, तिकडच्या बाजूच्या ओळी आधी गेल्या, हेही त्यानं नोंदलं होतं. काकडीवर्गीय पिकं या विषाणूला आश्रय देतात हे त्याला पुस्तकातून कळलं नव्हतं. त्यानं ओळी मोजल्या होत्या.

आणि एक परिच्छेद होता, जो मी तीनदा वाचला : ‘हवामानावर आधारित फळपीक विमा थंडीचा आहे, उन्हाचा आहे, वाऱ्याचा आहे. रोगाचा नाही. त्यामुळे वडिलांनी उपटलेली झाडे कुठल्याच कागदावर नाहीत. ती या अहवालात आहेत.’

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलानं अर्थशास्त्रातला एक मोठा प्रश्न, कुठलं नुकसान मोजलं जातं आणि कुठलं नाही, चार वाक्यांत मांडला होता. त्या झाडांची नोंद असलेला तो एकमेव कागद त्यानं माझ्याकडे दिला होता, आणि मी त्यावर हरणांसाठी कुंपण घालायला सांगितलं होतं.

या घटनेत नेमकं काय बिघडलं, याचा मी बरेच दिवस विचार करते आहे. गुण दुरुस्त होऊ शकत होते, ते त्याच आठवड्यात झाले. चुकीचा अभिप्राय तर मी स्वतः लिहिला असता तरी होऊ शकला असता, माणूसही चुकतो. पण तेव्हा तो मुलगा येऊन मला शब्दाचा अर्थ सांगू शकला असता आणि आम्ही दोघं त्यावर बोललो असतो. इथं मात्र त्याच्या प्रत्येक वाक्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं. विद्यार्थी लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक वाचणारा असतो, आणि आमच्यासारख्या ठिकाणी बहुतेकदा तो एकच असतो. त्या एका वाचणाऱ्यासाठी तो नोंद नीट करतो, खोटा आकडा टाकताना त्याचा हात अडखळतो. तो वाचणाराच तिथं नसेल तर मुलानं पावसात उभं राहून झाडं तरी का मोजावीत?

दुसरी गोष्ट मला नंतर लक्षात आली. त्या अहवालात बारा शेतकऱ्यांची नावं होती, गट क्रमांक होते, कुणावर सोसायटीचं किती कर्ज थकलंय तेही होतं. ती माणसं त्या मुलाशी ओळखीवर बोलली होती. मी ते सगळं कुणालाही न विचारता एका परदेशी कंपनीच्या यंत्रात चढवलं. अशाच 58 अहवालांतून किती घरांची माहिती गेली असेल! डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा 2023 सालीच झाला आहे, संमतीचा मुद्दा त्यात आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, एखाद्या शेजाऱ्यानं विश्वासानं सांगितलेलं कर्ज आपण चव्हाट्यावर नेत नाही, एवढं तर मला माहीत होतं.

मी वर्गात सगळं सांगितलं. अभिप्राय कसे तयार केले तेही सांगितलं आणि माफी मागितली. काही सहकाऱ्यांना हे पटलं नाही. मुलांसमोर एवढं उघडं पडू नये, वचक राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. तासिका तत्त्वावरच्या सरांनी मात्र वेगळा मुद्दा काढला आणि तो मला टाळता येत नाही. ते म्हणाले, “मॅडम, एआय नसताना तरी आपण 58 अहवाल वाचत होतो का? पहिलं पान, शेवटचं पान आणि सही. निदान आता मुलांना काहीतरी लिहून मिळालं.” हे खरं आहे. मी शिकत असताना माझा एक प्रबंध कुणीही न वाचता ‘चांगले काम’ असा शेरा घेऊन परत आला होता. माणसानं न वाचण्याची सवय आपल्याकडे यंत्राच्या फार आधीची आहे. फरक इतकाच की नुसती सही असली की मुलाला कळायचं, वाचलेलं नाही. आता सव्वाशे शब्दांमुळे त्याला वाटतं की वाचलं आहे. ही फसवणूक नवी आहे.

त्या तासाला सर्वांत जास्त ऐकण्यासारखं बोलली ती मागच्या बाकावरची, पायथ्याच्या वस्तीवरून येणारी एक मुलगी. एरवी ती हजेरीपुरतंच बोलते. ती म्हणाली, “मॅडम, मला चॅटजीपीटीच बरं वाटतं. सीमांत उपयोगिता (वस्तूचा आणखी एक नग मिळाला की वाढणारं समाधान) मी त्याला चार वेळा विचारली. चारही वेळा त्यानं सांगितलं. ‘एवढंही येत नाही का, बारावी कशी झालीस’ असं ते म्हणत नाही.”

वर्ग शांत झाला. ते वाक्य कुठल्या शिक्षकाचं, हे तिनं सांगितलं नाही. माझंही असू शकेल. शिक्षक-विद्यार्थी नातं यंत्रामुळे तुटतंय असं आपण म्हणतो, तेव्हा ते आधी सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं होतं असं गृहीत धरतो. पुढच्या बाकांवरच्या, बोलायला न घाबरणाऱ्या मुलांना ते मिळत होतं. या मुलीला ते कधी मिळालंच नव्हतं. रात्री अकरा वाजता, आपल्या मोडक्या मराठीत, न लाजता प्रश्न विचारता येणं ही तिच्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे! ती मी तिच्याकडून काढून घेणार नाही. मात्र यंत्र तिला चार वेळा सांगतं, आणि चौथ्यांदा विचारताना ती नेमकी कुठं अडली आहे हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं ते बघायला तिथं कुणी नसतं. म्हणून मी तिला एकच विनंती केली : “पाचव्या वेळी मला विचार.” ती नंतर तीनदा आली. त्यातल्या एकदा अडचण सीमांत उपयोगितेची नव्हतीच, ‘सीमांत’ या शब्दाची होती.

पुढे आम्ही जे बदललं ते थोडंच आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानं अहवालासोबत कच्ची वही आणायची आणि दहा मिनिटं माझ्यासमोर बसायचं. 58 गुणिले दहा म्हणजे जवळपास दहा तास. तीन आठवड्यांत, तास संपल्यावर, एसटीची वेळ सांभाळून ते करता आलं. भाषा सुधारायला, इंग्रजी शब्दाचा अर्थ बघायला, तक्ता मांडायला एआय वापरलं तर चालेल, पण कुठं वापरलं ते शेवटच्या पानावर लिहायचं. मीही लिहिते. माहिती देणाऱ्यांची नावं आणि गट क्रमांक यंत्रात जाणार नाहीत. आणि माझा शेरा हातानं, दोन ओळींचा का असेना.

सगळं सुरळीत झालं नाही. अकरा जण आलेच नाहीत. त्यातल्या सहा जणांना कटाईच्या कामावरून सुटी मिळत नव्हती, त्यांच्याशी फोनवर बोलले, ते तितकं जमलं नाही. नऊ जणांकडे कच्ची वहीच नव्हती. आकडे कुठून आले विचारल्यावर एक मुलगा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मी त्याला परत गावात पाठवलं, तीनच घरं कर पण खरी कर, असं सांगून. त्यानं पाच केली. एकानं काहीच केलं नाही, त्याला कमी गुण गेले, आणि तो आता माझ्याशी बोलत नाही. पुढच्या वर्षी विद्यार्थी 80 झाले तर दहा मिनिटं कुठून आणायची, याचं उत्तर माझ्याकडे नाही. रिक्त जागा भरल्या जाईपर्यंत ते कुणाकडेच नसेल. यंत्र स्वस्त आहे म्हणून माणूस नेमायला नको, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला हा अहवाल वाचायला द्यावा असं मला वाटतं.

हरण्याचा अहवाल लिहिणाऱ्या त्या मुलानं गुण वाढवून मागितले नाहीत. त्यानं विचारलं की प्रस्तावना पुन्हा लिहिली तर चालेल का. आठ दिवसांनी घेऊन आला. पहिलं वाक्य होतं : ‘आमच्या शेतात जूनमध्ये 1800 रोपे लावली आणि ऑगस्ट संपेपर्यंत त्यातली 212 आम्ही स्वतः उपटली.’

मी समासात माझ्या अक्षरात लिहिलं, ‘उपटलेल्या झाडांचं पुढे काय केलं?’ आणि अहवाल परत दिला. दुसऱ्या दिवशी तो टेबलावर होता. माझ्या प्रश्नाखाली पेन्सिलीनं उत्तर लिहिलं होतं : ‘बांधापलीकडे खड्डा करून पुरली. पप्पांनी मोजून पुरली, म्हणून आकडा बरोबर आहे.’